पटकथा लिहिण्याआधी शस्त्र हातात घ्या
मराठी ऐतिहासिक कादंबरीकार, पटकथाकार, दिग्दर्शक आणि कलादिग्दर्शक यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

शिवकाल आणि पेशवाईवर मराठीत कादंबऱ्या, मालिका, चित्रपट येतच असतात आणि आम्ही ते आवडीने वाचतो, पाहतो. आम्ही म्हणजे जुन्या शस्त्रांचा अभ्यास करणारे, त्यांची जपणूक करणारे आणि मर्दानी खेळ शिकवणारे काही जण. कोणत्या सरदाराच्या तोंडी कोणता संवाद घालावा, कोणता प्रसंग कल्पनेने फुलवावा, यात आम्हाला पडायचे नाही. ते तुमचे क्षेत्र आहे. आमचे म्हणणे हत्यारांपुरते आहे आणि ते एका वाक्यात मावते: शस्त्रतज्ज्ञाला बोलवायची वेळ पटकथेचा पहिला खर्डा लिहिण्याची असते, चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्याची नसते. तोवर फायबरच्या दोनशे तलवारी एकाच साच्यातून निघालेल्या असतात, लढाईचा प्रसंग बांधून झालेला असतो आणि तज्ज्ञाला उरते ते फक्त मुठीचा रंग सुचवण्याचे काम.

सुरुवात बंदुकीपासून करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. सतराव्या शतकात दख्खनमध्ये सर्रास वापरात होती ती तोड्याची बंदूक. पडद्यावर मावळा ती खांद्याला लावतो, चाप ओढतो, धडाड् आवाज होतो आणि पुढच्या क्षणी तो पुन्हा नेम धरतो. प्रत्यक्षात काय करावे लागे ते पाहा. पेटती जामगी, म्हणजे दारू पेटवायची सुताची वात, आधी बंदुकीपासून दूर, डाव्या हाताच्या बोटांत धरायची, कारण उजव्या हातात उघडी दारू येणार असते. शिंगातून मापाची दारू नळीत ओतायची. गोळी, बहुधा चिंधीत गुंडाळून, नळीत सोडायची आणि गजाने ठासायची. गज परत जागेवर. मग कानाजवळच्या (नळीतल्या दारूपर्यंत आग नेणाऱ्या भोकाजवळच्या) वाटीत बारीक रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालायची, वाटीचे झाकण सरकवायचे, आजूबाजूला सांडलेली रंजक फुंकून टाकायची. आता जामगी घोड्यात, म्हणजे ती धरणाऱ्या चिमट्यात, अडकवायची, टोकावरची राख फुंकरीने उडवून निखारा लाल करायचा, झाकण उघडायचे आणि मग चाप. सरावलेल्या हातालाही यात अर्धे ते एक मिनिट जाते. घोड्यावर बसून किंवा पळता पळता हे जवळजवळ अशक्य. झाकण उघडे राहिले तर रंजक वाऱ्याने उडते. कानात काजळी साचली तर वाटीतली रंजक भपकन जळते आणि नळीतली दारू तशीच थंड राहते. म्हणून कान साफ करायची बारीक सळई साखळीने बंदुकीलाच बांधलेली असे. अनेक जुन्या बंदुकांवर ती साखळी आजही दिसते. आम्ही पाहिलेल्या पडद्यावरच्या बंदुकांना मात्र ती क्वचितच असते.

यातून लेखकाला काय मिळते? एक तर, गोळी झाडल्यानंतरचे ते मिनिट. बंदूकवाल्याने बार काढला, तो चुकला, समोरचा माणूस पन्नास पावलांवरून तलवार उपसून धावत येतोय आणि याच्या हातात आता चार हातांची लोखंडी नळी आहे. बंदूक टाकून तलवार काढायची की गज ठासत राहायचे, हा प्रश्न त्या माणसाला खरोखर पडत असणार. कोकणातले हेटकरी नेमबाज म्हणून नावाजलेले होते ते गडाच्या तटावर, ओट्याच्या आडोशाने. तिथे बंदूक टेकवायला दगड आहे, बसायला जागा आहे आणि भरायला वेळ आहे. मोकळ्या मैदानात त्याच माणसाची किंमत निम्मी होते.

दुसरे, पाऊस. 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज पन्हाळ्यातून निघाले आणि 13 तारखेला घोडखिंडीत झुंज झाली. जुलैतला सह्याद्री. या प्रसंगाच्या चित्रणात भर पावसात फटाफट बंदुका उडताना दाखवायच्या, तर प्रत्येक जामगी कोरडी कशी राहिली, प्रत्येक वाटीतली रंजक भिजून चिखल कशी झाली नाही, याचे उत्तर द्यावे लागेल. धनुष्यालाही तोच न्याय लावा. मोगली आणि दख्खनी कमान ही लाकूड, शिंग आणि जनावराची तात सरसाने चिकटवून केलेली असते. सरस ओला झाला की थर सुटू लागतात. थोडक्यात, आषाढातल्या त्या खिंडीत दोन्ही बाजूंची दूरवर मारा करणारी हत्यारे अर्धमेली होतात आणि उरतात तलवार, पट्टा, भाला, विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला) आणि गोफणीचे नाही तर हाताने लोटलेले दगड. मूठभर माणसांना अरुंद वाट का अडवून धरता आली, याचे निम्मे उत्तर भूगोलात आहे आणि उरलेल्यातला मोठा वाटा पावसात आहे. पडद्यावर पाऊस पडतो खरा, पण तो फक्त सौंदर्यासाठी.

तिसरे, अंधार. पेटलेल्या जामगीचा निखारा रात्री लांबून दिसतो आणि तिचा वासही येतो. 5 एप्रिल 1663 च्या रात्री लाल महालात शिरणाऱ्या तुकडीने पेटत्या जामग्या मिरवत जाणे म्हणजे आपणच पहारेकऱ्याला हाक मारणे. शायिस्ताखानाची बोटे तलवारीने गेली. बंद घरात, अंधारात, जवळून चालेल असे तेच हत्यार होते.

काडतूस, संगीन आणि एका हुकमावर सुटणारी फैर या गोष्टी शिवकालात आणू नका. त्या कवायती पायदळाबरोबर पुढच्या शतकात रुजल्या. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका घेऊन उभ्या होत्या, तिथे फैर शोभते. तिथेही बाजूच्या पथकांत तोड्याच्या बंदुका, भाले आणि तलवारी होत्याच आणि समोर अब्दालीच्या उंटांवरची जंबुरके, म्हणजे छोट्या तोफा, होती. शंभर वर्षांच्या अंतराने लढलेल्या दोन सैन्यांना एकाच भांडारातली हत्यारे देऊ नयेत, एवढे तरी पाळता येईल.

तोफेच्या बाबतीत एकच चूक आहे, पण ती इतकी मोठी आहे की प्रत्येक लढाईत दिसते: गोळा पडला की नारिंगी ज्वाळेचा स्फोट. भरीव लोखंडी किंवा दगडी गोळा फुटत नाही. तो जमिनीवर टप्पे खात जातो आणि वाटेत येईल त्या माणसाचे, घोड्याचे, बुरुजाच्या दगडाचे तुकडे करतो. तटावर पडला तर दगडाच्या कपच्या उडतात आणि त्या कपच्यांनी माणसे मरतात. जवळच्या माऱ्यासाठी पिशवीतून छर्रे, गोट्या, खिळे भरत. फुटणारे गोळे नव्हतेच असे नाही. उखळी तोफेतून उडवायचे कुलपी गोळे होते. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन असा दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला आला होता. पण ती इतकी नवलाची गोष्ट होती की महाराजांनी पुढच्या वर्षी राजापुरावर जाऊन तिचा हिशेब चुकता केला. तुमच्या कथेत कुलपी गोळा हवा असेल तर तो असाच एखाद्या जागी, महत्त्व देऊन आणा.

दारूचा धूर पांढरा आणि दाट असतो. शोरा साधारण 75 भाग, कोळसा 15, गंधक 10 हे मिश्रण जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वस्तुमान धूर आणि राखेच्या रूपात बाहेर पडते. वारा नसेल तर दोन-चार बारांनंतर गोलंदाजाला समोरचे काही दिसत नाही. पेट्रोलच्या भडक्यापेक्षा हा धूर स्वस्त पडतो आणि कॅमेऱ्याला फार देखणा दिसतो, हे दिग्दर्शकांनी मनावर घ्यावे. बार झाल्यावर तोफ मागे सरकते. ती ढकलून जागेवर आणणे, नळीतले निखारे ओल्या बोळ्याने विझवणे, पुन्हा दारू भरणे, कानात रंजक घालून बत्ती देणे हे सगळे तीन-चार माणसांचे काम आहे. बोळा फिरवायचा राहिला तर पुढची दारू ठासणाऱ्याच्या तोंडावर पेटते. तोफखान्यातला खरा थरार तिथे आहे.

आणि तोफ हलवणे. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिचे वजन सुमारे 55 टन. अशी तोफ कथेत एका रात्रीत डोंगर चढत नाही. 1665 मध्ये मिर्झाराजा जयसिंगाच्या फौजेने मार्चअखेर पुरंदरला वेढा घातला. वज्रगडासमोर मोठ्या तोफा चढवण्यात कित्येक दिवस गेले आणि 14 एप्रिलला वज्रगड पडला. बैल, दोर, लाकडी ओंडके, मधेच तुटणारी चाके आणि वरून होणारा मारा. या पंधरा दिवसांवर एक अख्खे प्रकरण लिहिता येते. तुमच्यापैकी फारच थोड्यांनी ते लिहिले आहे.

गडावरच्या दारूखान्याचेही तसेच. कादंबरीत दारूखाना बहुधा सदरेच्या बाजूच्या खोलीत असतो, म्हणजे फितुराला मशाल टाकायला सोयीचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नेमके उलटे सांगितले आहे: दारूखाना सदरेपासून आणि वस्तीपासून दूर, भोवती कुसू घालून, आत तळघर गच्च करून, त्यात माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवायची, दमट होऊ द्यायची नाही आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण (दारूचे अग्निबाण), होके (फेकायचे दारूगोळे) बाहेर काढून ऊन द्यायचे आणि पुन्हा मोहर करून ठेवायचे. एखादा आळशी हवालदार, लांबलेला पावसाळा आणि वेढ्याच्या पहिल्याच दिवशी न पेटणारी दारू. फितुरीचे कथानक न रचताही गड पडू शकतो, हे यातून दिसते.

आता तलवार. सामान्य लढाऊ तलवार सुमारे 800 ग्रॅम ते सव्वा किलो भरते. लांब सरळ पात्याची धोप किंवा फिरंग थोडी जास्त, फार तर दीड किलो. तलवार जितकी जड तितका वीर मोठा, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. दहा किलोची तलवार दहा वार केल्यावर कोणाच्याही हातातून खाली येते आणि ती वर उचलेपर्यंत समोरचा माणूस काम उरकून निघून जातो. पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी नसते. पाते हलके व्हावे आणि तरी ताठ राहावे म्हणून ती काढतात.

नेहमीच्या मुठीला वर सपाट तबकडी असते. मूठ घट्ट पकडली की ती तबकडी मनगटाला टेकते आणि मनगट फारसे वाकू देत नाही. त्यामुळे वार कोपर आणि खांद्यातून येतो आणि पाते लागताच ते ओढत आणावे लागते. युरोपी तलवारबाजीसारखे मनगटातून टोक फिरवत खेळणे या मुठीने जमत नाही. तुमचे साहसदृश्य-संयोजक परदेशी पद्धतीचा सराव करून येतात आणि ती मूठ अभिनेत्याच्या हाती देतात, म्हणून सगळे अवघडलेले दिसते. दर दोन सेकंदांनी धारेवर धार आपटून ठिणग्या पाडणेही थांबवा. असे दहा वेळा केले की धारेला खाचा पडतात आणि पाते करवत होते. वार झेलायला ढाल असते.

तलवार म्यानातून काढताना जो ‘झिंग’ असा आवाज ऐकवता तो कुठून येतो? म्यान लाकडाचे, वरून चामडे किंवा मखमल. धातू फक्त तोंडाशी मोहनाळीला आणि टोकाला तैनाळीला. पाते लाकडावरून सरकताना फार तर खसखस होते. पाठीवर तलवार बांधू नका, दोन तर मुळीच नकोत. अडीच फुटांचे पाते खांद्यावरून उपसायला हात तेवढा लांब लागतो. बहुतेकांचे पाते निम्मे निघून अडकते. बाणांचा भाताही पाठीवर नसे, तो कमरेला असे. आणि मोगली तिरंदाज प्रत्यंचा तीन बोटांनी ओढत नाही. अंगठ्याने ओढतो, अंगठ्यात त्यासाठी अंगठी असते आणि तीर कमानीच्या उजव्या बाजूला बसतो. हे शिकायला अभिनेत्याला एक दुपार पुरते.

पाती कुठून येत हेही लिहिण्याजोगे आहे. फिरंगीचे पाते युरोपातून, बरेचसे गोव्याच्या पोर्तुगिजांमार्फत येई आणि मूठ इथे चढे. जिनोआ आणि झोलिंगेनच्या कारागिरांच्या खुणा इतक्या प्रतिष्ठेच्या होत्या की इथले लोहार त्या आपल्या पात्यांवर बेलाशक ठोकत. बनावट ब्रँडचा धंदा काही आजचा नाही. तलवार विकत घेणारा एखादा शिलेदार, पाते वाकवून, नखाने वाजवून, खूण खरी की खोटी ते पारखताना दाखवा. पात्याला तेजोवलय लावण्याची गरज उरणार नाही.

दांडपट्ट्याबद्दल जरा सविस्तर लिहावेसे वाटते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा तो आता प्रत्येक चित्रपटात येणार हे उघड आहे. पट्ट्याची मूठ पोलादी खोळीच्या आत आडवी असते. खोळ कोपरापर्यंतचा हात झाकते आणि वरच्या बाजूला पट्टी किंवा कडे असते. म्हणजे मनगट पूर्ण जखडते, हात आणि पाते मिळून एकच लांब दांडा होतो. यातून तीन गोष्टी निघतात. पट्टा कमरेला लटकवता येत नाही आणि झटकन उपसता येत नाही, तो लढाईआधी चढवावा लागतो. ‘कमरेचा पट्टा सर्रकन उपसला’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याने पट्टा हातात घातलेला नाही. दुसरे, चढवलेल्या हाताने लगाम धरता येत नाही, दोर पकडता येत नाही, जखमी साथीदाराला उचलता येत नाही. तिसरे, तो फिरायला जागा मागतो. पात्याची लांबी तीन-साडेतीन फूट, त्यात हाताची भर. दाटीवाटीत पट्टेकरी आपल्याच माणसांना जखमी करतो, म्हणून त्याच्याभोवती रिंगण मोकळे ठेवावे लागते. एकटा माणूस अनेकांना थोपवतो ते या रिंगणामुळे. मर्दानी खेळात दिसणारे लवलवते पाते प्रात्यक्षिकासाठी असते. लढाईच्या अनेक पट्ट्यांना ताठ युरोपी पाती बसवलेली आढळतात. लवलव आवाज आणि वेलीसारखे वळणारे पाते खेळापुरते ठेवा.

कट्यारीची पकड आडव्या दांड्यांवर असते, ती मुठीच्या रेषेत पुढे खुपसायची असते, सुरीसारखी वरून मारायची नसते. टोक मुद्दाम जाड केलेले असते, ते कड्यांच्या चिलखतात घुसावे म्हणून. वाघनखे बोटांच्या आत, तळहातात लपतात. तर्जनी आणि करंगळी कड्यांत जातात आणि मूठ मिटली की काही दिसत नाही. ती मुठीबाहेर नख्यांसारखी काढून मिरवणे म्हणजे त्यांचा उपयोगच घालवणे. प्रतापगडाच्या भेटीत, 10 नोव्हेंबर 1659 ला, बिचवा (वाकड्या पात्याचा छोटा खंजीर) आणि वाघनख होते हे बखरकार कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आलेली वाघनखे तीच की नाही, हे सिद्ध करता येत नाही असे त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे, तेव्हा त्यांची हुबेहूब प्रतिकृती वापरून ‘अस्सल’ अशी जाहिरात करू नये.

ढालीवरची चार फुले शोभेची नाहीत. त्यांच्या मागे कड्या असतात आणि कड्यांत पकडायचे दोन पट्टे. फुले चुकीच्या अंतरावर लावली की मागचे पट्टे मुठीत बसत नाहीत, आणि मग कलाकार ढाल ताटासारखी धरतो. पट्ट्यांखाली गादी असते, नाही तर पहिल्याच फटक्याला बोटांची हाडे दुखावतात. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची ढाल वार शोषते, पोलादी ढाल तो घसरवते. दोन्हींचे आवाज वेगळे हवेत. ढाल तुटतेही. सिंहगडावर तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल करून त्यावर वार झेलले, असे सभासदाने दोन ओळींत लिहून ठेवले आहे. 1670 च्या फेब्रुवारीतली ती रात्र रंगवताना अनेकांनी याच्यापेक्षा मोठ्या कल्पना लढवल्या. त्या दोन ओळींपेक्षा अंगावर येणारे त्यात काही सापडत नाही.

चिलखतावर येऊ. कड्यांच्या अंगरख्यात वीस-तीस हजार कड्या, प्रत्येक कडी चार कड्यांत गुंतलेली, आणि लढाऊ मालात कडीचे तोंड बारीक खिळा ठोकून बंद केलेले. वजन 8–10 किलो. छाती-पाठीला पोलादी पत्रे जोडले, टोप आणि हातांचे दस्ताने घातले की एकूण 15 किलोच्या आसपास. हे सारे वजन खांद्यावर येते, म्हणून कमर शेल्याने घट्ट आवळतात, म्हणजे निम्मा भार कमरेवर जातो. खाली जाड कापूस भरलेली अंगी लागते. ती नसेल तर कड्या कापल्या नाहीत तरी फटक्याने हाड मोडते. चिलखत धारेचा वार अडवते, बोथट आघात पूर्ण अडवत नाही, अणकुचीदार टोक अर्धवट अडवते आणि जवळून सुटलेली गोळी अडवत नाही. म्हणून चिलखत घातलेल्या माणसाच्या छातीवरून तलवारीचा आडवा सपकारा मारून त्याला पाडणे चूक. काख, चेहरा, मांडी, गळ्याचा सांधा शोधावा लागतो किंवा गुर्जाचा (लोखंडी गदेचा) घाव घालावा लागतो. प्रतापगडावर महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते याला अर्थ येतो तो यामुळे.

दख्खनी चिलखत नेमके कसे दिसे, याचा उत्तम पुरावा बिकानेरला आहे. 1689 च्या सुमारास मोगलांकडून लढणाऱ्या बिकानेरच्या महाराजा अनूपसिंहाने अदोनीचा किल्ला घेतला आणि तिथली आदिलशाही चिलखते आपल्या शस्त्रागारात नेली. त्यांतल्या काहींवर देवनागरीत नोंदी कोरलेल्या आहेत. पुढे-मागे कड्या, मधे पोलादी पत्र्यांच्या ओळी, बाह्या कड्यांच्या. खांद्यावर रोमन सैनिकासारखे पत्र्याचे पंख त्यात कुठेही नाहीत.

आणि मावळ्याला चिलखत देऊच नका. डोंगर चढणाऱ्या पायदळाला 15 किलो पोलाद म्हणजे शिक्षा. डोईला जाडजूड मुंडासे, अंगात सुती बाराबंदी, कमरेला शेला. मुंडाशाचे पाचपंचवीस वेढे डोक्यावरचा वार बऱ्यापैकी अडवतात. नायकाचा चेहरा दिसावा म्हणून टोप काढून टाकण्याची तुमची अडचण इथे आपोआप सुटते. तपकिरी चामड्याची जाकिटे, मनगटावर दोरीने आवळलेले चामडी पट्टे, मोठ्या बकलांचे कमरपट्टे हे सगळे पाश्चात्त्य काल्पनिक मालिकांतून आलेले आहे. चामडे होते, पण ते खोगिरात, ढालीत, म्यानात आणि वहाणांत. सगळ्या सैन्याला एकाच रंगाचा गणवेशही शोभत नाही. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई, बारगिराला ती सरकारातून मिळत. एका पथकात नव्या फिरंगीशेजारी आजोबांची डागडुजी केलेली तलवार दिसली पाहिजे.

संदर्भासाठी तुम्ही संग्रहालयात जाता, हे चांगलेच. पुण्याचे केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहावाच. फक्त एक लक्षात ठेवा: काचेमागची बरीच शस्त्रे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत. सोन्याची कोफ्तगिरी (पोलादावर तार ठोकून केलेली नक्षी) केलेली, खिळे न ठोकता नुसती तोंडे जुळवलेल्या कड्यांची चिलखते दरबारी मिरवणुकीची असू शकतात. वस्तूखालच्या पाटीवर काळ लिहिलेला नसेल तर विचारा. समकालीन दख्खनी लघुचित्रे जास्त भरवशाची. त्यांत शेल्यात खोचलेली कट्यार, तलवार लटकवण्याची पद्धत, ढालीचा आकार हे सगळे नीट दिसते.

भांडाराच्या खर्चाबद्दल. आमच्या बहुतेक सूचनांना पैसा लागत नाही. आवाज काढून टाकणे, पाठीवरची तलवार कमरेला आणणे, बंदुकीला भरण्याचे एक दृश्य देणे, चामडी पट्टे न घालणे फुकट होते. पैसा लागतो तो पुढच्या रांगेतल्या पंधरा-वीस जणांच्या हत्यारांना. अॅल्युमिनियमचे पाते इतके हलके असते की कलाकाराचा हात वाऱ्याने हलल्यासारखा वाटतो आणि दोन टकरींत ते वाकते. लीफ स्प्रिंगच्या पोलादाचे, धार 2–3 मिमी गोलसर ठेवलेले, टोक बोथट केलेले, वजन 900 ग्रॅमच्या आसपास आणि तोल मुठीपासून 4–6 इंचांवर येईल असे पाते करून घ्या. प्रत्यक्ष भिडणाऱ्या दोघांनी सुरुवातीचे पाच दिवस फक्त पाय आणि अंतर यांचा सराव करावा. मागच्या गर्दीला फायबर चालेल, पण साचे किमान चार वेगवेगळे असू द्यात. लोकरीची विणलेली, चांदीचा रंग मारलेली चिलखते दुरून खपतात. जवळच्या चौकटीत ती झोकांडी खात नाहीत, लोंबत नाहीत, वाजत नाहीत, म्हणून पकडली जातात. जवळून दिसणाऱ्या दोन-तीन व्यक्तिरेखांपुरत्या खऱ्या लोखंडी कड्या विणून घ्या आणि चित्रीकरण संपताच त्यांना तेल लावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांचा गंजलेला गठ्ठा होतो.

कादंबरीकारांना एवढेच: प्रत्येक झुंज लिहून झाल्यावर कागदाच्या कडेला लिहा की कोणाच्या कोणत्या हातात काय आहे, दुसरा हात कशाने अडकला आहे, पाऊस आहे का, उजेड कुठून येतोय आणि बंदूक शेवटची कधी भरली होती. उत्तर देता आले नाही तर वाक्य बदला. निर्मात्यांना विनंती, की शस्त्र-सल्लागाराचे नाव श्रेयनामावलीत देण्याआधी त्याला पटकथेचा पहिला खर्डा द्या आणि त्याने समासात केलेल्या खुणांना किमान ‘नाही’ असे तरी लेखी उत्तर द्या. त्या खर्ड्यावर बसायला आम्ही तयार आहोत. मानधनाचे नंतर पाहू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
शस्त्रांचे काही अभ्यासक, जतनकार आणि मर्दानी खेळाचे शिक्षक